सॅक्सोफोनवादक, जॅझमधील श्रेष्ठ

जॅझ संगीतातील श्रेष्ठ सॅक्सोफोनवादक कोण, हा समीक्षकांमधील जुना वाद आहे. बेल्जियममधील दीनाँ येथे जन्मलेल्या आदॉल्फ साक्स (१८१४–९४) यांनी १८४६ मध्ये या वाद्याचे फ्रेंच एकस्व (पेटंट) मिळविले. वाद्याचे अंग पितळी असले, तरी स्वर वेताच्या एकेरी पत्तीतून निघत असल्याने त्याची गणना काष्ठवाद्यांत होते. जॅझमध्ये ते क्लॅरिनेटनंतर रुळले. सोप्रानो या उंच पट्टीच्या प्रकारावर सिडनी बेशे (१८९७–१९५९) यांनी १९२० च्या दशकातच एकल वादनाची उंची गाठली होती.

टेनर या खालच्या पट्टीच्या सॅक्सोफोनच्या परंपरेचे जनक सामान्यतः कोलमन हॉकिन्स (१९०४–६९) यांना मानतात. भरदार नाद, रुंद स्वरकंप आणि स्वरमेल (एकत्र वाजणारे स्वरसमूह) उलगडत नेणारी मांडणी ही त्यांची वैशिष्ट्ये. ११ ऑक्टोबर १९३९ रोजी ध्वनिमुद्रित झालेल्या ‘बॉडी अँड सोल’मध्ये ते दोन कोरस, म्हणजे चालीची दोन आवर्तने वाजवितात, मूळ चाल आरंभी जेमतेम ऐकू येते, पुढे तिचा स्वरमेलांचा सांगाडाच उरतो.

लेस्टर यंग (१९०९–५९) यांचा नाद याउलट हलका व जवळजवळ निष्कंप. त्याच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. काहींनी तो शिकागोच्या टेनरवादक बड फ्रीमन यांच्याशी जोडला; स्वतः यंग मात्र फ्रँकी ट्रम्बावर यांचे नाव घेत. ट्रम्बावर सी-मेलडी सॅक्सोफोन वाजवीत. हे वाद्य आल्टो व टेनर यांच्या मधले, टेनरहून एक पूर्ण स्वर उंच. तोच नाद टेनरवर आणू पाहिला, असे यंग यांचे सांगणे. कॉर्नेटवादक बिक्स बायडरबेक यांच्या साथीतील ट्रम्बावर यांचे ‘सिंगिन द ब्लूज’ (१९२७) ऐकता यंग यांचेच म्हणणे ग्राह्य वाटते. १९३४ मध्ये फ्लेचर हेंडरसन यांच्या वाद्यवृंदात यंग हॉकिन्स यांच्या जागी आले. पण तेथे सर्वांना हॉकिन्स यांचाच नाद हवा होता, आणि यंग काही महिन्यांतच बाहेर पडले. त्यांचे खरे तेज दिसते ते काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात.

समीक्षकांच्या पुढील बहुतेक निवडी याच दोन नादांभोवती फिरतात. बेन वेब्स्टर हॉकिन्स यांच्या, तर स्टॅन गेट्झ यंग यांच्या वाटेने गेले. आल्टोवादक चार्ली पार्कर (१९२०–५५) यांनी तरुणपणी यंग यांच्या ध्वनिमुद्रिका पाठ केल्या होत्या, असे म्हणतात. त्यांच्या ‘को-को’ (१९४५) पासून बीबॉप या वेगवान, गुंतागुंतीच्या जॅझशैलीची भाषा स्थिरावली. प्रभाव हाच निकष धरल्यास पार्कर यांना अग्रस्थान द्यावे लागते.

‘डाउनबीट’ या अमेरिकन जॅझ-नियतकालिकाचे वाचककौल १९३६ पासून, समीक्षककौल १९५३ पासून चालू आहेत. त्याच्या मानवंदना-यादीत पार्कर १९५५ मध्ये, यंग १९५९ मध्ये, म्हणजे दोघेही निधनाच्याच वर्षी आले. टेनरवादक जॉन कोलट्रेन (१९२६–६७) यांना मात्र तो मान १९६५ मध्ये, हयातीत मिळाला. त्याच वर्षी जन्मलेल्या मुलाचे नाव त्यांनी रविशंकर यांच्यावरून रवि ठेवले. टेनरवादक सनी रोलिन्स (जन्म १९३०) १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात वादन थांबवून मुंबईत पवई येथील आश्रमात राहिले होते.

बॅरिटोन या टेनरहून खालच्या पट्टीच्या सॅक्सोफोनच्या वादकांपैकी हॅरी कार्नी व जेरी मलिगन उल्लेखनीय.