बंदुकीपासून वहीपर्यंत : नोव्हेंबरच्या पक्षिफेरीची पार्श्वभूमी

५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा 'पक्षी सप्ताह' म्हणून पाळायचा, असं महाराष्ट्र सरकारने २०२० मध्ये ठरवलं. ५ नोव्हेंबर हा वन्यजीव लेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस (१९३२) आणि १२ नोव्हेंबर पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांचा (१८९६). तारखा दोन माणसांच्या जन्मावरून आल्या, पण ऋतूच्या हिशेबानेही त्या अचूक बसतात. शरद संपून हेमंत लागतो, देशावर पाऊस थांबलेला असतो, सोयाबीन-बाजरी शेतातून उठलेली असते आणि माळावरचं गवत वाळलेलं असलं तरी उभं असतं. धोबी, भोवत्ये (हॅरियर, माळावरचे शिकारी पक्षी) आणि तिरचिमण्या (पिपिट) सप्टेंबर-ऑक्टोबरपासून उतरू लागतात. नोव्हेंबरात बदकांचे थवे त्यांना येऊन मिळतात.

पहाटे गावाबाहेर जमायचं, दुर्बीण गळ्यात अडकवायची, कुणीतरी वही धरायची आणि दोन-तीन किलोमीटर रमतगमत चालायचं, हे आज सहज वाटतं. पण या फेरीचा प्रत्येक भाग वेगळ्या काळात, वेगळ्या गरजेतून आला आहे. तो कुठून आला हे कळलं की फेरी नीट कशी करायची हेही कळतं.

दख्खनच्या पक्ष्यांची पहिली मोठी शास्त्रीय यादी कर्नल विल्यम साइक्स यांची. मुंबई सरकारसाठी शेती, लोकसंख्या, हवामान यांची आकडेवारी गोळा करत ते दख्खनभर हिंडले आणि १८३२ मध्ये त्यांनी इथल्या पक्ष्यांची सूची लंडनमध्ये प्रसिद्ध केली. आपल्या मुरमाड माळांवरच्या एका चंडोलाला आजही साइक्स यांचंच नाव आहे. मात्र त्या काळी पक्षी पाहणं म्हणजे पक्षी मारणं. त्यामागे केवळ शिकारीची हौस नव्हती. कामाची दुर्बीण नव्हती, चित्रांची पुस्तकं नव्हती, आणि दोन सारख्या दिसणाऱ्या तिरचिमण्या वेगळ्या आहेत की नाहीत हे पंख, चोच आणि नडगी मोजल्याशिवाय सांगता येत नसे. पक्षी पाडायचा, कातडं सोलून त्यात कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर तीन गोष्टी हव्यातच : ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे होते, ही गोष्ट मराठी वाचकाने जरूर लक्षात ठेवावी. संस्थेचा संग्रहही अशाच कातड्यांचा. १९०८ मध्ये लहानग्या सालिमने पाडलेल्या पिवळ्या कंठाच्या चिमणीची ओळख पटवायला त्याला पाठवलं गेलं ते याच संस्थेत.

चिठ्ठीचं मोल किती, हे रानपिंगळ्याच्या गोष्टीतून कळतं. या छोट्या घुबडाचं शास्त्रीय वर्णन ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केलं. जेम्स डेव्हिडसन यांनी १८८४ मध्ये मिळवलेल्या नमुन्यानंतर पक्षी दिसेनासा झाला. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागन यांच्या संग्रहात १९१४ सालचा, गुजरातेतला म्हणून नोंदलेला एक नमुना निघाला आणि शोध घेणारे त्या दिशेला वळले. तिथे काहीच हाती लागलं नाही. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पॅमेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा तो जुन्या संग्रहातून चोरून, पुन्हा भरून, त्यावर खोटी चिठ्ठी बांधलेला निघाला. मग त्यांनी ती नोंद बाजूला ठेवली आणि फक्त खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांची यादी धरून शोध घेतला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासह त्यांना शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला, शेवटच्या खऱ्या नोंदीनंतर ११३ वर्षांनी. खोट्या नोंदीमुळे वाया गेलेला काळ परत येत नाही. म्हणून फेरीत "बहुतेक तोच असावा" असा पक्षी यादीत घालू नये. 'भोवत्या, जात नक्की नाही' एवढंच लिहिलेली नोंद खरी असते आणि उपयोगीही.

बंदुकीची जागा दुर्बिणीने घेतली ती हळूहळू. अमेरिकेत स्मिथ कॉलेजमध्ये शिकणाऱ्या फ्लॉरेन्स मेरियम यांनी १८८६ मध्ये मैत्रिणींना घेऊन पक्षिफेऱ्या काढल्या. हॅटवर खोवलेल्या पिसांसाठी पक्षी मारले जातात, हे मुलींना पटवायचं तर जिवंत पक्षी दाखवायला हवा, असा त्यांचा विचार. हातात होती ती नाटक पाहायची छोटी दुर्बीण, तीही जेमतेम तीन-चार पट मोठं दाखवणारी. आज आपण ज्याला मार्गदर्शकासह फेरी म्हणतो तिची ही एक पहिली ठळक आवृत्ती. १८९४ मध्ये जर्मनीत येना इथल्या झाइस कारखान्याने लोलक बसवलेली दुर्बीण विकायला काढली आणि आखूड नळीतून आठ पट मोठं, सरळ आणि रुंद चित्र दिसू लागलं.

आकड्यांचा अर्थ तेव्हापासून तोच आहे. ८×४२ मध्ये ८ म्हणजे किती पट आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी येते, सुमारे ५.२५ मिलिमीटर. नोव्हेंबरात साडेसहाच्या मंद उजेडात हाच आकडा कामी येतो. ८×२५ ची खिशात मावणारी दुर्बीण त्या वेळी अंधुक चित्र देते, कारण तिचा झोत तीन मिलिमीटरचाच. दहा पटीची घेतली तर पक्षी मोठा दिसतो, पण हाताचा कंपही दहा पट दिसतो आणि उडणारा थवा चौकटीत सापडत नाही. फेरीसाठी आठ पट पुरे. तळ्यावरच्या दूरच्या बदकांसाठी गटात एक स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवरची एकनळी दुर्बीण, असला तर बरं.

दुर्बीण आली, पण तिच्यातून काय बघायचं हे ठरायला आणखी काही वर्षं गेली. १९३० मध्ये सालिम अलींनी अलिबागजवळ किहीम इथे पावसाळाभर सुगरणींची वसाहत पाहिली. नर अर्धवट घरटी बांधतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर तिथे राहते, आणि नर पुढचं घरटं बांधून दुसऱ्या मादीची वाट बघतो, हे त्यांनी दिवसच्या दिवस बसून टिपलं. कातडं सोलून हे कधीच कळलं नसतं. पुढे १९३४ मध्ये रॉजर टोरी पीटरसन यांनी अमेरिकेत प्रत्येक पक्ष्याची नेमकी खूण बाणाने दाखवणारं पुस्तक काढलं, आणि १९४१ मध्ये सालिम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं सचित्र पुस्तक आलं. पक्षी हातात न घेता ओळखता येतो, ही खात्री सामान्य माणसाला या पुस्तकांनी दिली.

तरीही नोव्हेंबर फसवतो. विणीनंतर बहुतेक नर बदकं भडक पिसं टाकून काही काळ मादीसारखी तपकिरी होतात. स्थलांतर करून येतात तेव्हा कित्येकांची पिसं अजून बदलत असतात. पुस्तकात हिरव्या डोक्याचा नर थापट्या पाहिलेला माणूस तळ्यावरच्या ठिपकेदार, मळकट पक्ष्याकडे बघून गोंधळतो. अशा वेळी रंग सोडून आकार धरावा : थापट्याची पुढे पसरट चोच, तलवार बदकाची लांब बारीक मान. उडताना पंखावरचा रंगीत पट्टा बघावा. तो पिसं बदलताना टिकतो. हळदीकुंकू बदक मात्र इथलंच, नर-मादी सारखे, चोचीवरचा तांबडा ठिपका आणि पिवळं टोक बाराही महिने तेच. नवख्यांनी सुरुवात त्याच्यापासून करावी.

फेऱ्या जिथे जातात ती ठिकाणंही तशी अलीकडची. गोदावरीवर जायकवाडी १९७६ मध्ये पूर्ण झालं, भीमेवर उजनी १९८० मध्ये. एरवी कोरड्या पट्ट्यात एवढं उथळ पाणी आणि गाळ तयार झाल्यावर बदकं, चिखलपक्षी आणि रोहित (फ्लेमिंगो) मोठ्या संख्येने येऊ लागले, उजनीच्या काठच्या भिगवणचं नाव सगळीकडे झालं. नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा त्याहून जुना, आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) तेच ठरलं. पण धरणाची एक गोष्ट फेरी आखताना विसरली जाते. नोव्हेंबरात धरण बहुधा तुडुंब असतं. पाणी काठाच्या गवतापर्यंत येतं, गाळ बुडालेला असतो, म्हणून तुतवार आणि शेकाटे कमी दिसतात आणि बदकं दूर मध्यभागी बसतात. पाणी उतरून गाळपेरीची जमीन उघडी पडते ती जानेवारीपासून पुढे. रोहितांसाठी नोव्हेंबरात भिगवण गाठणारे म्हणूनच अनेकदा निराश होतात.

या दिवसांत खरी श्रीमंती असते ती गावच्या शिवारात. रब्बीसाठी ताजी नांगरलेली वावरं, पाझर तलाव, ओढ्याकाठची बाभळ आणि पडीक माळ हे चारही टप्पे दोन किलोमीटरच्या वाटेत सापडले तर त्याहून चांगली वाट शोधायची गरज नाही. नांगराच्या तासात धोबी, कोतवाल आणि गायबगळे, बाभळीवर खाटीक, माळावर चंडोल, तिरचिमण्या आणि गवतावरून झुलत जाणारा भोवत्या. दुर्दैवाने सरकारदरबारी हाच माळ 'पडीक' म्हणून नोंदला जातो, आणि सौर पॅनेल असो की वृक्षारोपण, सगळं आधी त्याच्यावर येतं.

फेरीत वही आली ती गणनेमुळे. उत्तर अमेरिकेत २५ डिसेंबर १९०० रोजी फ्रँक चॅपमन यांच्या सूचनेवरून २७ जणांनी २५ ठिकाणी पक्षी मोजले. नाताळात गट पाडून जास्तीत जास्त पक्षी मारण्याची जी स्पर्धा चाले, तिला हा पर्याय होता. भारतात १९५९ पासून सालिम अलींच्या मार्गदर्शनाखाली जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने स्थलांतर कळावं म्हणून पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचं मोठं काम सुरू झालं. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. २००२ मध्ये अमेरिकेत ईबर्ड हे पक्षिनोंदींचं संकेतस्थळ सुरू झालं आणि पुढे शिवारातली वहीही जगाच्या नोंदींना जोडली गेली. २०२३ च्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितीवरील अहवालात अशा हौशी नोंदींवरून ९४२ जातींचा आढावा घेतला आहे. दीर्घकालीन कल काढता आला अशा ३३८ जातींपैकी ६० टक्के घटत आहेत. तारेवर बसणारा, रोजचा वाटणारा नीलकंठही त्यांत आहे. तो 'नेहमीचाच' म्हणून लिहायचं सगळ्यांनी टाळलं असतं, तर ही घट कुणालाच दिसली नसती.

नोंद उपयोगी पडायची असेल तर थोडी शिस्त लागते. सूर्योदयाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी वाटेवर असावं आणि सूर्य पाठीशी येईल असं चालावं. सकाळी तळ्याच्या पूर्व काठावर उभं राहून पश्चिमेकडे पाहिलं की रंग दिसतात, उलट उभं राहिलं तर नुसत्या काळ्या आकृत्या. गट दहा-बारांपेक्षा मोठा नको. एकाने मोजावं, दुसऱ्याने लिहावं, कारण दोन्ही कामं एकट्याने केली की खाली बघताना पक्षी निसटतात. सुरुवातीची आणि शेवटची वेळ, चाललेलं अंतर आणि दिसलेली प्रत्येक जात लिहावी, मग ती साळुंकी का असेना. वेळ आणि अंतर नसेल तर दोन फेऱ्यांची तुलना होत नाही : तीन तासांत दिसलेले चाळीस चंडोल आणि अर्ध्या तासात दिसलेले चाळीस चंडोल या वेगळ्या गोष्टी आहेत.

थवा मोजताना आधी दहा पक्षी मोजून ते किती जागा व्यापतात हे नजरेत धरावं, मग तेवढ्या पट्ट्या पुढे सरकवाव्यात. भोरड्यांच्या हजारोंच्या थव्यात शंभराची पट्टी घ्यावी. नवख्यांचा अंदाज मोठ्या थव्यात बहुधा कमी पडतो, कारण मागचे पक्षी पुढच्यांआड लपतात. दुसरी चूक दुहेरी मोजणीची. उठलेला थवा पुढच्या वावरात उतरला तर तो तोच धरावा. आणि शक्य असेल तर वाट एकच ठेवावी. दर वर्षी नवं ठिकाण गाठून यादी लांबते, पण बदल कळतो तो त्याच वाटेवर, त्याच आठवड्यात, त्याच वेळेला पुन्हा चालल्यावर.

संध्याकाळची फेरी निराळी. भोवत्ये रात्री माळावरच्या उंच गवतात जमिनीवर एकत्र उतरतात. त्यांची मोजणी सूर्यास्ताच्या तासभर आधीपासून, किमान दोनशे मीटरवरून आणि एका जागी बसून करावी. उतरणारा प्रत्येक पक्षी मोजावा, पुन्हा उठलेला वजा करावा. गवतात शिरलं किंवा विजेरी मारली तर ते उठतात आणि अंधारात दुसरी जागा शोधावी लागते. अशा रातथाऱ्याचं नेमकं ठिकाण उघड नोंदीत देऊ नये, जवळच्या गावाचं नाव पुरतं. वनविभागाला मात्र ते जरूर कळवावं, म्हणजे त्या गवताला वणवा लागू नये यासाठी जाळरेषा वेळेत काढता येतात.