रेफ्यूज एरिया

उंच इमारतीत आग लागली की खालपर्यंत उतरणं शक्य नसलेल्यांनी थांबायची, एका अंगाने मोकळी ठेवलेली जागा. बोलताना लोक रेफ्यूज फ्लोअर म्हणतात, पण मुंबईत बहुतेक वेळा तो अख्खा मजला नसतो, मजल्याचा एक तुकडा असतो.

उगम एका ठिकाणी बोट ठेवून सांगणं कठीण आहे. ब्राझीलमधल्या साओ पावलोत १९७२ ला आंद्राउस बिल्डिंग पेटली तेव्हा शेकडो लोक गच्चीवर जाऊन हेलिकॉप्टरने सुटले, दोनच वर्षांनी त्याच शहरात जोएल्मा इमारतीच्या गच्चीवर गेलेले कित्येक जण मात्र वाचले नाहीत, त्यामुळे या दोन आगींशी नातं जोडावंसं वाटतं. हाँगकाँगने १९९६ च्या नियमांत साधारण २५ मजल्यांच्या वरच्या इमारतींना पूर्ण मजलाच राखून ठेवायला लावला. मुंबईचा नियम मात्र आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या (पहिली आवृत्ती १९७०) जवळचा दिसतो, कारण पहिला टप्पा दोन्हीकडे २४ मीटरचाच.

मुंबईच्या डीसीपीआर २०३४ म्हणजे विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे २४ मीटरच्या लगेच वरच्या मजल्यावर पहिली जागा, मग दर सातव्या राहत्या मजल्यावर एक. क्षेत्रफळ ती जागा ज्या मजल्यांसाठी आहे त्यांच्या ४ टक्के, कमीत कमी १५ चौरस मीटर, रुंदी ३ मीटर, आणि तोंड शक्यतो रस्त्याकडे म्हणजे फायर ब्रिगेडची शिडी तिथवर पोचेल. मधे भिंत आणि आपोआप बंद होणारा फायर डोअर, नाहीतर लॉबीतला धूर थेट आत. ही जागा एफएसआयमधे, म्हणजे प्लॉटवर जेवढं बांधायची परवानगी असते त्यात, मोजत नाहीत, आणि खरी गोम इथेच आहे, कारण फुकटची जागा नंतर कुणालाही खुणावते. हे सगळं प्लॅन काढतानाच बसवावं लागतं, टॉवर उभा राहिल्यावर रस्त्याकडचा कोपरा कुठून आणणार?

वापर नियमाने दुसरा कुठलाच चालत नाही, देखभाल सोसायटीकडे. मी पाहिलेल्या एका टॉवरमधे चौदाव्या मजल्यावरच्या रेफ्यूजला कुलूप होतं, चावी वॉचमनकडे, तो तळमजल्यावर, आत गणपतीच्या मखराचे थर्माकोल आणि दोन गाद्या. थर्माकोल कसं पेटतं ते ज्याने पाहिलंय त्याला तिथे उभं राहवत नाही.

२००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याखाली वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, लायसन्स असलेल्या एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आगीपासून बचावाच्या यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, घ्यावा लागतो. मुंबईबाहेर बहुतेक ठिकाणी २०२० ची युनिफाइड, म्हणजे राज्यभरासाठीची एकत्रित, बांधकाम नियमावली चालते.