एका ठोक्याला किती फ्रेम?

बोलपट नवे होते तेव्हा हॉलिवूडचे निर्माते पार्श्वसंगीताला बिचकत. पडद्यावर एकही वादक नसताना व्हायोलिनं वाजू लागली, तर आवाज येतोय कुठून असं प्रेक्षक विचारतील, ही त्यांची भीती. ती मोडून काढण्यात मॅक्स स्टायनर यांचा वाटा मोठा. स्टायनर १८८८ साली व्हिएन्नात जन्मले, तिथेच संगीत शिकले आणि १९१४ मध्ये अमेरिकेला गेले. १९३३ च्या ‘किंग काँग’मध्ये त्यांनी त्या अजस्र वानराला अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली उतरणारे तीन स्वर दिले. पात्राला स्वतःची धून द्यायची आणि प्रसंगागणिक तिचं रूप पालटायचं, ही जर्मन संगीतकार वागनरच्या ऑपेरातली, म्हणजे गायलेल्या नाटकांतली रीत. बोलपटात ती मुरली ती अशा स्थलांतरितांमुळे.

पण ऑपेरात गायक लांबला तर वाद्यवृंद त्याच्यासाठी थांबू शकतो. फिल्म थांबत नाही. सेकंदाला २४, म्हणजे मिनिटाला १४४० फ्रेम (फिल्मवरची एकेक चित्रं) ठरलेल्याच. दर १२ फ्रेमला एक ठोका ठेवला तर लय मिनिटाला १२० ठोक्यांची होते, १६ फ्रेमला ठेवला तर ९० ची. व्यंगपटवाल्यांनी यावरून एक युक्ती काढली होती. फिल्मवरच्या ध्वनिपट्टीतून जाणाऱ्या प्रकाशाच्या चढउताराचा आवाज होतो; त्या पट्टीवर ठरावीक अंतराने भोकं पाडायची. भोक दिव्यासमोरून गेलं की प्रकाश एकदम वाढतो आणि हेडफोनमध्ये ‘टिक्’ वाजतं. तोच क्लिक ट्रॅक. पुढे एका फ्रेमचेही आठ भाग करून लय ठरवू लागले. असा एक भाग म्हणजे सेकंदाचा १९२ वा हिस्सा! ‘द इन्फॉर्मर’मध्ये (१९३५) कोठडीत ठिबकणाऱ्या पाण्याच्या थेंबांशी स्टायनर यांनी स्वर जुळवले, ते अशाच काटेकोर हिशेबातून.

मला याहून मोलाचं वाटतं ते त्यांचं संवादाखालचं संगीत. जवळच्या कंप्रतेचे दोन आवाज अंतर्कर्णातल्या पडद्याचा जवळपास एकच भाग हलवतात, आणि मोठा आवाज लहानाला झाकून टाकतो. म्हणून नट कोणत्या पट्टीत बोलतो याकडे स्टायनर बारकाईने लक्ष देत. उंच आवाजाच्या जोडीला उंच स्वरांची वाद्यं आली की शब्द गढूळ होतात, हे त्यांनी लिहूनही ठेवलं आहे.

एरिक वोल्फगांग कोर्नगोल्ड यांची तऱ्हा निराळी. ऑपेरासाठी युरोपभर नावाजलेला हा संगीतकार क्लिकच्या वाटेला फारसा जात नसे. रीळ चालू असताना पियानोवर बसून तो सुचेल ते वाजवत राही आणि कालमापनाची भिस्त स्वतःच्या कानावर ठेवी. १९३८ च्या सुरुवातीला ‘रॉबिन हूड’च्या संगीतासाठी त्यांना व्हिएन्नाहून बोलावणं आलं. ते हॉलिवूडमध्ये असतानाच मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. कोर्नगोल्ड ज्यू होते. या चित्रपटाने आपला जीव वाचवला असं ते म्हणत.

परागंदा झालेले सगळेच अमेरिकेला गेले नाहीत. संगीतकार वॉल्टर कॉफमन १९३४ साली प्रागहून मुंबईत आले. आकाशवाणीची ओळखीची धून त्यांच्या नावावर आहे.

तिकडे सिनेमासाठी लिहिणारा तो हलका, असं मैफलींच्या जगात कोर्नगोल्ड यांच्याबद्दल बराच काळ मानलं गेलं. मला हा अन्यायच वाटतो. १९४७ मध्ये व्हायोलिनवादक यशा हायफेट्झ यांनी सेंट लुईसमध्ये कोर्नगोल्ड यांचा व्हायोलिन कन्चेर्तो (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीची रचना) प्रथम वाजवला. त्यातल्या प्रमुख धुना कोर्नगोल्ड यांनीच संगीत दिलेल्या चित्रपटांतल्या आहेत, आणि आज जगभरचे व्हायोलिनवादक तो आवडीने वाजवतात.