मुरमांचे मूळ त्वचेच्या आत
चेहऱ्यावर मुरूम आले की सर्वांत आधी मिळणारा सल्ला चेहरा वारंवार धुण्याचा असतो. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असला, तरी मुरूम म्हणजे अस्वच्छतेचा परिणाम, म्हणजेच ज्याला ते आले त्याचाच काही दोष, असा ठपका त्यातून नकळत ठेवला जातो. १२ ते २४ या वयोगटातील सुमारे ८५ टक्के मुलामुलींना कमी-अधिक प्रमाणात मुरूम येतात आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना हा ठपका कधी ना कधी सोसावा लागतो. मुरूम कसा तयार होतो हे पाहिले, की हा ठपका किती चुकीचा आहे हे ध्यानात येते.

त्वचेतून जिथे केस उगवतो तिथे एक अतिशय बारीक नळी असते आणि तिच्या कडेला तेल तयार करणारी एक ग्रंथी जोडलेली असते. चेहरा, छाती आणि पाठीचा वरचा भाग येथे या तैलग्रंथी मोठ्या आणि दाट असतात, म्हणूनच मुरूमही प्रामुख्याने तिथेच येतात. नळीच्या आतल्या अस्तरातील मृत पेशी एरवी सुट्या होऊन तेलाबरोबर बाहेर पडतात. मुरमांची प्रवृत्ती असलेल्या त्वचेत मात्र त्या अधिक संख्येने तयार होतात, एकमेकींना चिकटून राहतात आणि तेलात मिसळून आतल्या आत बूच तयार करतात. सुरुवातीला हे बूच डोळ्यांना दिसतही नाही. पुढे नळीचे तोंड बंद राहिले तर पांढरट पुटकुळी दिसते आणि तोंड उघडे राहिले तर काळा ठिपका, म्हणजे ब्लॅकहेड दिसतो. हा काळेपणा मळाचा नसतो. त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य आणि हवेशी संपर्क आलेले तेल यांमुळे तो येतो. साहजिकच कितीही घासले तरी तो निघत नाही. उलट जोरात चोळल्याने त्वचेचा वरचा संरक्षक थर दुखावतो आणि दाह वाढतो.

यात जिवाणूंचाही वाटा असतो, पण तो समजला जातो त्याहून वेगळा आहे. क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा जिवाणू (२०१६ पर्यंत त्याच्या प्रजातीला प्रोपिओनिबॅक्टेरियम म्हणत) मुरूम कधीच न आलेल्या निरोगी त्वचेवरही राहतो. त्याचे काही प्रकार अधिक त्रासदायक ठरतात आणि काहींच्या शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याला अधिक तीव्रतेने उत्तर देते. लालसर, दुखरी, पूभरली पुळी ही त्या संघर्षाची खूण असते. त्यामुळे मुरूम एकाकडून दुसऱ्याला लागत नाहीत.

हे सारे पौगंडावस्थेतच का सुरू होते, याचे उत्तर संप्रेरकांमध्ये आहे. वयात येण्याच्या थोडे आधीपासून मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी आणि नंतर जननग्रंथी अँड्रोजेन गटातील संप्रेरके अधिक प्रमाणात स्रवू लागतात. ती पुरुषसंप्रेरके म्हणून ओळखली जात असली तरी मुलींच्या शरीरातही असतात, आणि त्यांच्या आदेशाने तैलग्रंथी मोठ्या होतात. याचा ठोस पुरावा निसर्गानेच दिला आहे: ज्यांच्या पेशी अँड्रोजेनला जन्मतःच प्रतिसाद देऊ शकत नाहीत, अशा व्यक्तींना मुरूम येत नाहीत. मात्र मुरूम असलेल्या बहुतेकांच्या रक्तातील संप्रेरकांची पातळी सामान्यच आढळते. फरक असतो तो तैलग्रंथींच्या संवेदनशीलतेत, आणि ती मोठ्या प्रमाणात आनुवंशिक असते. ब्रिटनमधील जुळ्या स्त्रियांच्या २००२ सालच्या अभ्यासात व्यक्तीव्यक्तींमधील तफावतीपैकी सुमारे ८१ टक्के वाटा जनुकांचा असल्याचे दिसले.

पंचविशी ओलांडल्यावरही मुरूम येत राहणे, किंवा तेव्हाच पहिल्यांदा येणे, हे स्त्रियांमध्ये अधिक आढळते. ते बहुधा हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने येतात व मासिक पाळीच्या आधीच्या दिवसांत वाढतात. त्यांच्या जोडीला पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर जाड केस वाढत असतील, तर पीसीओएसची (संप्रेरकांचा आणि बीजांडकोशांचा एक विकार) तपासणी करून घेणे आवश्यक आहे. स्टेरॉइड, लिथियम, फेनिटोइन यांसारखी औषधे आणि रंध्रे बंद करणारी तेलकट प्रसाधनेही मुरमांना कारण ठरू शकतात. स्टेरॉइड असलेले मलम डॉक्टरांच्या सल्ल्याविना चेहऱ्यावर लावणे विशेष घातक, कारण त्याने आधी लाली उतरते आणि नंतर मुरूम अधिक जोमाने उठतात.

आहाराचा प्रश्न इतका सरळ नाही. १९६९ साली अमेरिकेत ६५ जणांवर केलेल्या प्रयोगात चॉकलेट निर्दोष ठरवले गेले. पण तुलनेसाठी दिलेल्या वडीतही साखर आणि स्निग्ध पदार्थ जवळपास तितकेच होते, त्यामुळे त्या निष्कर्षाला माझ्या मते फारसा अर्थ उरत नाही. २००२ साली पापुआ न्यू गिनीतील कितावा बेटावरील १,२०० रहिवाशांची पाहणी झाली, तेव्हा एकालाही मुरूम आढळले नाहीत. त्यांचा आहार पारंपरिक होता, पण त्यांची जनुकेही वेगळी, म्हणून एवढ्यावरून आहाराला श्रेय देता येत नाही. २००७ साली ऑस्ट्रेलियात ४३ तरुणांवर १२ आठवडे झालेला प्रयोग अधिक बोलका आहे: रक्तातील साखर झपाट्याने न वाढवणारा आहार घेणाऱ्यांचे मुरूम इतरांपेक्षा अधिक कमी झाले. साखर वाढली की इन्सुलिन वाढते आणि त्याच्यासोबत आयजीएफ-१ हे संप्रेरकही. दोन्ही तैलग्रंथींना चेतवतात. लारॉन सिंड्रोम हा दुर्मीळ आनुवंशिक विकार असलेल्यांमध्ये आयजीएफ-१ जन्मतःच अत्यल्प असते आणि त्यांना सहसा मुरूम येत नाहीत, यावरून या दुव्याला बळ मिळते. दुधाशी असलेला मुरमांचा संबंध लोकांच्या पाहणीतून दिसतो, पण तो अजून तितका भक्कम नाही.

पुढच्या महिन्यात दिसणाऱ्या मुरमांची बुचे आज नितळ भासणाऱ्या त्वचेत तयार होत असतात. त्यामुळे बुचे रोखणारी रेटिनॉइड मलमे केवळ पुळीवर न लावता त्या संपूर्ण भागावर लावायची असतात आणि त्यांचा परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. दोन आठवड्यांत फरक पडला नाही म्हणून अनेक जण ती सोडून देतात, याचे फार वाईट वाटते. गरोदरपणात मात्र ती वापरू नयेत. आणि त्वचेखाली खोल, दुखऱ्या गाठी येत असतील तर मलमावर विसंबून न राहता त्वचारोगतज्ज्ञांकडे लवकर जावे, कारण त्यांतून पडणारे खड्डे मुरूम गेल्यावरही राहतात.