शिवणपेटी शिसवीची, पण अख्खी नाही

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एखाद्या जुन्या घरातून व्हिक्टोरियन काळातली इंग्रजी शिवणपेटी निघाली की हमखास ऐकू येतं, "अख्खी शिसवीची आहे हो!" सहसा नसते. आत पाइन किंवा महोगनीचा सांगाडा, वरून शिसवीचा नाहीतर कोरोमंडल आबनुसाचा (हे काळपट, पट्टेदार लाकूड) पातळ पापुद्रा. यात फसवणूक नव्हती. महागडं लाकूड असंच पुरवून वापरत. (काही पेट्या तर साधं लाकूड काळं रंगवलेल्या!) खात्री करायची तर बिजागरीच्या खाचेत किंवा टवका उडालेल्या कोपऱ्यात बघा, दोन रंगांचे थर दिसतील. पॉलिशवाल्याला मात्र आधीच बजावा, सॅण्डपेपर लावायचा नाही. पापुद्रा साधारण मिलिमीटरभरच असतो. घासून गेला की खाली पाइन.