पोर्ट फॉरवर्डिंग नेमके अडते कुठे?

घरातल्या कॅमेऱ्याचे चित्र बाहेरगावाहून पाहता यावे म्हणून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम लिहिला जातो, आकडे पुन्हा पुन्हा तपासले जातात, राउटर बंद करून सुरू केला जातो आणि तरीही बाहेरून जोडणी होत नाही. अशा वेळी बहुतेक जण त्या नियमातच चूक शोधत बसतात. माझ्या मते शोधाची सुरुवात तिथून करूच नये.

घरातल्या उपकरणांना राउटर बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते देतो. असंख्य घरांत हेच पत्ते वापरात असल्यामुळे इंटरनेटवर त्यांना काही अर्थ नसतो. आतल्या उपकरणाने बाहेर काही मागितले की राउटर त्याच्या पत्त्याच्या जागी स्वतःचा पत्ता घालतो आणि कोणत्या पोर्टवरची (पोर्ट म्हणजे एकाच पत्त्यावरच्या वेगवेगळ्या जोडण्या ओळखणारा क्रमांक) मागणी कोणाची, हे एका तक्त्यात नोंदवून ठेवतो. त्यामुळे आलेले उत्तर योग्य उपकरणाकडे जाते. बाहेरून कोणी आपणहून आले, तर तक्त्यात त्याची नोंद नसते आणि राउटर ते पॅकेट, म्हणजे माहितीचा तो तुकडा, टाकून देतो. अमुक पोर्टवर येणारे सारे तमुक उपकरणाकडे पाठवावे, अशी नोंद आधीच करून ठेवणे म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग.

यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे सार्वजनिक पत्ता, म्हणजे इंटरनेटवरून थेट पोहोचता येणारा पत्ता, आपल्या राउटरकडेच आहे. आयपीव्ही४ या इंटरनेट पत्त्यांच्या जुन्या पद्धतीतला पत्ता ३२ बिटांचा असल्याने असे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात, आणि त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. त्यामुळे अनेक इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटतात. पत्ता बदलण्याचे काम मग एकदा घरात आणि पुन्हा एकदा कंपनीच्या यंत्रणेत होते. या पद्धतीला सीजीनॅट म्हणतात. त्या दुसऱ्या तक्त्यात आपल्याला नियम लिहिता येत नाही, म्हणून घरातला नियम कितीही अचूक असला तरी पॅकेट त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

हे ओळखणे सोपे आहे. राउटरच्या सेटिंगच्या पानावर दिसणारा वॅन पत्ता (राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला) आणि 'माझा आयपी' दाखवणाऱ्या संकेतस्थळावरचा पत्ता ताडून पाहावा. दोन्ही वेगळे असतील आणि वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला असेल, तर जवळजवळ निश्चितपणे सीजीनॅटच आहे, कारण हा टप्पा २०१२ मध्ये त्याच कामासाठी राखून ठेवला गेला. वॅन पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर बहुधा कंपनीने बसवलेला फायबरचा डबाच राउटरचेही काम करत असतो. तो ब्रिज मोडवर टाकला, म्हणजे त्याचे राउटरचे काम बंद करून त्याला फक्त जोडणी पुढे द्यायला लावले, की एक अडसर कमी होतो.

पत्ते जुळले, तरच नियमाकडे वळावे. उपकरणाचा आतला पत्ता बदललेला असतो (तो राउटरमध्ये राखून ठेवावा), टीसीपीच्या जागी यूडीपी (माहिती पाठवण्याच्या या दोन वेगळ्या पद्धती) निवडलेले असते किंवा संगणकाची फायरवॉल, म्हणजे नको त्या जोडण्या अडवणारी यंत्रणा, आडवी येते. चाचणी घरच्या वायफायवरून करू नये, कारण आतून स्वतःच्याच सार्वजनिक पत्त्यावर जाणे पुष्कळ राउटरना जमत नाही. मोबाइल डेटावरून करावी. शिवाय त्या पोर्टवर ऐकणारा प्रोग्राम सुरू नसेल, तर तपासणी पोर्ट बंदच दाखवते.

सीजीनॅट असेल, तर कंपनीकडून स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागावा. त्याला बहुधा वेगळे शुल्क पडते. आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत मिळत असेल, तर उपकरणालाच सार्वजनिक पत्ता असतो आणि राउटरच्या फायरवॉलमध्ये तेवढी वाट मोकळी करावी लागते. मात्र २०१६ मध्ये मिराई या घातक प्रोग्रामने कारखान्यातला पासवर्ड तसाच राहिलेले असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले होते, म्हणून पासवर्ड बदलण्याचे काम पोर्ट उघडण्याआधी उरकावे.