फाइल-बदल निरीक्षण

संगणकावरील एखाद्या फोल्डरमध्ये नवी फाइल आली, जुनी पुसली गेली, तिचे नाव बदलले किंवा आतला मजकूर पालटला, तर ते चालू असलेल्या प्रोग्रॅमला कोणी न सांगता कळावे यासाठी योजलेल्या तंत्रास फाइल-बदल निरीक्षण म्हणतात. अँटीव्हायरस, बॅकअप, क्लाऊड साठवण आणि प्रोग्रॅम लिहिण्याचे संपादक या सर्वांना त्याची गरज पडते. परंतु त्यातील खाचाखोचा लहान कामातच अधिक स्पष्ट दिसतात.

यवतमाळ किंवा अकोला जिल्ह्यातील एखादे जिनिंग डोळ्यांसमोर आणावे. हंगामात कापसाच्या गाड्या लागल्या की वजनकाट्याच्या खोलीतील संगणक प्रत्येक वजनाची एक छोटी फाइल ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकतो आणि हिशेबाचा प्रोग्रॅम ती उचलून पावती तयार करतो, अशी व्यवस्था असू शकते. भरल्या गाडीचे एक आणि रिकाम्या गाडीचे एक, अशी दोन वजने मिळाल्याशिवाय निव्वळ कापूस किती ते निघत नाही. म्हणून एक फाइल जरी नजरेतून सुटली, तरी शेतकऱ्याची पावती अडते.

निरीक्षणाची जुनी रीत म्हणजे फेरी मारणे. प्रोग्रॅम दर काही सेकंदांनी फोल्डरची यादी वाचतो आणि प्रत्येक फाइलचा आकार व बदलाची वेळ आधीच्या नोंदीशी ताडून पाहतो. दुसऱ्या रीतीत प्रोग्रॅम आपले लक्ष कोणत्या फोल्डरवर आहे एवढे कार्यप्रणालीला (विंडोज, लिनक्स यांसारख्या संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीला) सांगून स्वस्थ बसतो आणि बदल झाला की कार्यप्रणालीच सूचना धाडते. रानडुकरे व रोही यांच्यापासून पीक राखताना रात्रभर धुऱ्याधुऱ्याने फिरणारा आणि तारेला डबे बांधून मचाणावर खडखडाटाची वाट पाहणारा, यांच्यात जो फरक आहे तोच हा. फेरीत श्रम वाया जातात आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये येऊन गेलेली फाइल दिसतच नाही. शिवाय वेळेची नोंद नेहमीच बारीक नसते: फाइली साठवण्याच्या फॅट नावाच्या जुन्या पद्धतीच्या पेनड्राइव्हवर बदलाची वेळ २ सेकंदांच्या टप्प्यांत लिहिली जाते, त्यामुळे त्याच टप्प्यात झालेला आणि आकार न पालटणारा दुसरा बदल अशा तुलनेत सापडत नाही.

सूचना देण्याची सोय प्रत्येक कार्यप्रणालीत निराळी आहे. लिनक्समध्ये प्रथम डीनोटिफाय होते. त्यात लक्ष ठेवलेले प्रत्येक फोल्डर उघडे धरावे लागे, आणि ते पेनड्राइव्हवर असले तर पेनड्राइव्ह सुरक्षितपणे काढणेच अडून राही. २००५ मध्ये लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) २.६.१३ सोबत आलेल्या आयनोटिफायने ही अडचण दूर केली. फ्रीबीएसडीमध्ये केक्यू, मॅकमध्ये २००७ च्या लेपर्ड आवृत्तीपासून एफएसइव्हेंट्स आणि विंडोजमध्ये रीडडिरेक्टरीचेंजेसडब्ल्यू ही त्याच कामाची साधने होत.

आयनोटिफायची मोठी मर्यादा अशी की ते एका फोल्डरपुरतेच पाहते, पोटफोल्डरांत आपण होऊन उतरत नाही. काट्याचा संगणक रोज सकाळी त्या दिवसाच्या तारखेचे नवे फोल्डर करीत असेल, तर फोल्डर तयार झाल्याची सूचना मिळून प्रोग्रॅम त्यावर लक्ष बसवेपर्यंत पहिल्या गाडीची फाइल आत येऊन पडलेली असते आणि तिची सूचना कधीच मिळत नाही. दिवसभर सारे सुरळीत आणि रोज पहिल्याच गाडीची पावती गायब, असा हा दोष असल्याने काटेवाल्यावरच संशय जाण्याचा संभव अधिक! उपाय साधा आहे: आधी लक्ष बसवावे आणि लगेच फोल्डरची यादी एकदा वाचून घ्यावी. एखादी फाइल दोनदा हाती आली तरी चालेल, अशी सोय मात्र प्रोग्रॅममध्ये हवी.

फाइल आल्याची सूचना म्हणजे ती पूर्ण लिहून झाल्याची ग्वाही नव्हे. गावातील सेवा केंद्रात स्कॅन केलेली कागदपत्रे फोल्डरमध्ये उतरत असतानाच प्रोग्रॅमने उचलली, तर अर्धवट फाइल हाती लागते. आयनोटिफायमध्ये लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने फाइल बंद केल्याची वेगळी सूचना मिळते, तिची वाट पाहावी; त्याहून चांगले म्हणजे लिहिणाऱ्याने तात्पुरत्या नावाने फाइल पूर्ण लिहून मग त्याच डिस्कवर तिचे नाव बदलावे. अनेक संपादक फाइल साठवताना असेच करतात. त्यामुळे एका साठवणीमागे तीन-चार सूचना येतात, आणि फोल्डरऐवजी मूळ फाइलवरच लक्ष ठेवलेले असेल तर ते जुन्या, हटवलेल्या फाइलीला चिकटून राहते.

सूचनांची रांगही अमर्याद नसते. आयनोटिफायमध्ये ती सहसा १६,३८४ सूचनांची असते. ती भरली की पुढच्या सूचना टाकून दिल्या जातात आणि रांग ओसंडल्याचा तेवढा एक निरोप मिळतो. तो निरोप न वाचणारे प्रोग्रॅम पुष्कळ आढळतात. काट्याचा संगणक वेगळा असून फोल्डर नेटवर्कवरून जोडलेले असेल, तर दुसऱ्या यंत्राने केलेले बदल आयनोटिफायला मुळीच कळत नाहीत, आणि तेथे फेरीच मारावी लागते.

वीज गेली आणि हिशेबाचा संगणक बंद पडला, तर त्या अवधीतील बदलांची आठवण आयनोटिफायजवळ राहत नाही, कारण प्रोग्रॅम बंद होताच त्याने बसवलेले लक्षही संपते. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल साठवण्याच्या पद्धतीतील बदल-रोजनामा आणि मॅकचे एफएसइव्हेंट्स मात्र डिस्कवर नोंद ठेवत असल्याने मागचा धागा बऱ्याच अंशी पकडता येतो. तरीही या नोंदी कालांतराने गळतात. म्हणून सूचनेला केवळ इशारा मानावे आणि कोणत्या फाइलींच्या पावत्या झाल्या याची स्वतःची यादी प्रोग्रॅमने ठेवावी. वीज आल्यावर, रांग ओसंडल्यावर आणि एरवीही अधूनमधून, त्या यादीशी संपूर्ण फोल्डर ताडून पाहावे लागते.